मडमेची ओटी

पाय भाजला तेव्हा मला कळलं, की मी पत्र्यावर उभी आहे. भट्टीचा चर झाकायला जे पत्रे घातले होते ना, त्यातल्या शेवटच्या पत्र्यावर. वरची माती लोकांच्या पायांनी कधीच उडून गेली होती. पुढे दोन पावलांवर भट्टीचं तोंड, सताड उघडं, आत लाकडं नुसती लालभडक. चिमी कडेवर. मागून माणसं ढकलतायत, त्यांना त्यांच्या मागची ढकलतायत, आणि सगळ्यांच्या माना वर, फुग्याकडे. खाली बघायला कोणाला सवड नाही. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बँड वाजत होता, बायका किंचाळत होत्या, माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. मागे रेटा द्यावा तर मागे सगळे परपुरुष, त्यांच्या अंगाला अंग कसं लावायचं, हे त्या वेळीसुद्धा डोक्यात आलं बघा. पुढे आग आणि मी मेली लाजतेय! पदर उडून पेटेल म्हणून दातांत धरला, चिमीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं, आणि डोळे मिटून घेतले.

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर माझी नात म्हणते, "आजी, तू गोष्ट शेपटीकडून धरतेस." तीच हे सगळं कागदावर शाईने उतरवून घेणार आहे. मी दुसरीच्या पुस्तकापर्यंत शिकले, मग लग्न झालं आणि पाटी गेली माळ्यावर. त्यामुळे वेलांट्या तिच्या, बोलणं माझं.

माझं माहेर कल्याणचं, दिलं ठाण्याला. सासरी सासूबाई, त्यांना सगळा गाव जिजी म्हणायचा; माझे धाकटे दीर, आणि हे. हे कचेरीत होते. भाऊजी शाळेत शिकवायचे आणि उरलेला दिवस गावाची उठाठेव करायचे. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. हळदीकुंकवाचे दिवस, घरात तिळाचा वास, परसात थंडीचं कोवळं ऊन. मी आणि जिजी मागच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसायचो. भिजलेल्या वालाचं साल नखाने ओढलं की दाणा टुणकन उडतो, आणि चिमी तो पकडायला रांगत जायची. तिला दात येत होते. जे हाताला लागेल ते तोंडात, नाही काही मिळालं तर माझं मंगळसूत्र. सतरावं लागलं होतं मला. अजून मीच कोणाच्या तरी कडेवर बसावं अशी, आणि माझ्या कडेवर ही.

तर त्या दिवसांत गावात बातमी आली, की विलायतेहून एक मडम येणार, धुराच्या फुग्याला लोंबकळून आभाळात जाणार, आणि तिथून छत्री उघडून खाली उडी मारणार. आता डोक्यावरून विमानं जातात आणि माझा पणतू मान वर करत नाही. पण तेव्हा आमच्या आभाळात पाखरं आणि पतंग, बाकी काही नाही. विहिरीवर बायका पाणी भरायच्या विसरल्या. कोणी म्हणालं ती चेटकीण आहे, कोणी म्हणालं मेणाची बाहुली आहे, आत माणूसच नसतो.

हे सगळं गावात घडवून आणणारी जी मंडळी होती, त्यांच्या बैठका आमच्याच ओटीवर. वकील होते, एक व्यापारी होते, भाऊजी तर होतेच. मी आतून गवती चहा करून द्यायची आणि दाराआड उभी राहून ऐकायची. काय काय ठरलं म्हणून सांगू! साहेबाची खुर्ची कुठे, त्याच्या मडमेची कुठे, हार कोणी घालायचा, भाषण आधी का फुगा आधी. हारावरून दोन संध्याकाळी भांडण चाललं. बायकांसाठी कनात बांधायची ठरली आणि ती पुरुषांपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची, असंही ठरलं. मैदानात पुरुषांपासून सगळ्यात लांब काय होतं? भट्टी. मग कनात भट्टीशेजारी.

जिजींनी आतून विचारलं, "अरे, पण मधेच बायकांना बाहेर पडायचं झालं तर कुठून पडायचं?"

भाऊजी हसले. "जिजी, तमाशा वरती आभाळात. बायका बाहेर कशाला पडतील?"

"पोरं असतात रे त्यांच्याजवळ. पोरांना बाहेर पडायचं असतं."

मंडळी हसली आणि पुन्हा हारावर आली.

जिजींच्या मनात मात्र वेगळंच शिजत होतं. दुसऱ्या दिवशी वाल सोलता सोलता म्हणाल्या, "ती बाई लग्नाची आहे का गं?"

मी म्हटलं, "भाऊजी म्हणत होते, भट्टी पेटवणारा टोपीवाला तिचा नवरा."

"म्हणजे सवाशीण. कुणाची तरी लेक, आईबापांपासून इतक्या लांब आलीय, आणि आपल्या गावातून वर जाणार, खाली कशी येईल ते देव जाणे. रिकाम्या ओटीनं पाठवायची तिला? हळदीकुंकवाच्या दिवसांत?"

मी म्हटलं, "जिजी, ती मडम आहे."

"मग काय झालं? मडमेला ओटी नसते?"

हे जिजी एकदा बोलल्या ते पाणवठ्यावर गेलं, पाणवठ्यावरून आळीत, आळीतून सगळ्या ठाण्यात. मंडळींना पत्ता नाही. त्यांनी पोलिसाला सांगितलं, बँडला सांगितलं, लाल फिती वाटल्या. पण ठाण्यातल्या घराघरात तांदूळ निवडले गेले, खण काढून ठेवले गेले, हे त्यांना कोण सांगणार?

खेळाच्या दिवशी मैदानावर केवढी माणसं! कल्याणहून आगगाडीने आली, डोंबिवलीकडून भाताच्या गाड्या जुंपून आली, खाडीपलीकडून होड्यांतून आली. आत शिरायला बांबूचं एकच फाटक, आणि त्या फाटकात भाऊजी, कोटाला लाल फीत लावून, घसा बसेपर्यंत "एकेक, एकेक" ओरडतायत. झाडांवर माणसं, कौलांवर माणसं. चणेवाले, बोरंवाल्या, वाजणारी पिपाणी. खरं सांगू? मला तो गोंधळसुद्धा फार आवडला. इतकी माणसं एका कामासाठी तोंडं वर करून बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. कनातीत आमची दाटी झाली होती. समुद्राकडचा वारा सुटलेला, त्यामुळे भट्टीचा धूर सगळा आमच्यावर. डोळ्यांतून पाणी, चिमी खोकतेय, पण एकही बाई उठायला तयार नाही.

फुगा दोन उंच वाशांना टांगला होता. आधी नुसती लोंबती चादर. चर घोड्याच्या नालासारखा वळवलेला, त्याच्या एका तोंडाशी भट्टी, दुसऱ्या तोंडावर फुग्याचं तोंड, मधून पत्र्यांखालून धूर आत जायचा. हळूहळू त्या चादरीला पोट आलं, मग खांदे आले, मग ती देवळाएवढी झाली आणि डुलायला लागली. तिला धरून ठेवायला चारी बाजूंनी दोर, आणि दोरांवर चेंदणीचे कोळी. हे एक काम मात्र मंडळींनी नेमक्या माणसांना दिलं होतं. कोळी माणसं दोर सगळी मिळून धरतात आणि सगळी मिळून सोडतात. टोपीवाल्याने त्यांच्याकडून दोन शब्द शिकून घेतले होते, "धरा" आणि "सोडा", आणि बायकोलाही शिकवले होते.

सगळं तयार, पण साहेब आला नव्हता. साहेबाशिवाय फुगा कसा सोडायचा? फुगा ओढ घेतोय, कोळ्यांचे हात सोलले जातायत, टोपीवाला घड्याळ दाखवून ओरडतोय, आणि भाऊजी त्याला हात जोडतायत. एवढ्यात मडम तंबूतून बाहेर आली.

माझ्याएवढीच होती हो! फार तर वर्ष-दोन वर्षांनी मोठी. अंगात निळं घट्ट काहीतरी, पायात लांब मोजे, केस बांधलेले, आणि चालणं असं की जणू आपल्याच अंगणातून पाणी आणायला निघालीय. तिला ना हजारो माणसांची भीती, ना त्या डुलणाऱ्या राक्षसाची. मी बघतच राहिले. बाई अशी चालू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

जिजी उठल्या. कनातीचा पडदा बाजूला केला आणि चालू लागल्या. "चल गं," मला म्हणाल्या. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे वकिलीणबाई, आणि मग सगळी कनातच उठली. हातात तबकं, खण, नारळ, पदराखाली पोरं. लाल फितीवाले धावत आले, पण करणार काय? परक्याच्या बाईला हात लावून अडवायचं कसं? पुढे होऊन नुसते हात पसरून उभे राहिले, आणि बायका त्यांच्या हातांखालून निघून गेल्या. भाऊजी रडकुंडीला आलेले. "वहिनी, तुम्ही तरी मागे व्हा! जिजी, अगं काय हे!"

"तू तुझ्या साहेबाची वाट बघ," जिजी म्हणाल्या, "आम्ही आमचं उरकून घेतो."

मडम थबकली. जिजींनी तिला कुंकू लावलं, तिने कपाळ पुढे केलं. मग पंचाईत. ओटी भरायची कशात? पदरच नाही. बायका खुदकन हसल्या, तीही हसली. जिजींनी आपला खण उलगडला, तिच्या कमरेला पुढून झोळीसारखा बांधला, मागे घट्ट गाठ मारली आणि त्यात नारळ ठेवला, मूठभर तांदूळ घातले. मडमेने ओंजळीने तो नारळ वरून धरला, आमच्या मुली धरतात अगदी तसा. कोणी शिकवलं तिला? चिमीने हात पुढे केला आणि तिची निळी बाही तोंडात घातली. तिने चिमीचा गाल दोन बोटांनी धरला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. इतकं गोड म्हणाली की मला तेही कळलं असं वाटलं.

आणि तिकडे गर्दी अडवायला बांधलेल्या दोरापलीकडच्या पुरुषांनी काय बघितलं? बायका फुग्याजवळ गेल्या. म्हणजे आता जायला मोकळीक झाली. झालं! दोर तुटला का कोणी कापला, कोण जाणे. एकदम जमीन हलल्यासारखं झालं. पुढच्यांना थांबायचं होतं, पण मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. वाईट कोणीच नव्हतं त्यात, हेही लिहून ठेव म्हटलं नातीला. सगळ्यांना नुसतं बघायचं होतं.

टोपीवाल्याने मडमेला झटकन फुग्याखालच्या फळीवर बसवलं, गर्दीत चिरडू नये म्हणून. छत्री फुग्याच्या बगलेला लोंबत होती. तिचे दोर मडमेच्या कमरेला बांधायचे होते, पण लोकांनी त्याला ढकलून लांब नेलं. तो तिथून हात वर करून ओरडत होता. जिजी कुठल्या कुठे गेल्या. आणि मी ढकलली जात जात, ढकलली जात जात, त्या पत्र्यावर.

आता पुन्हा तिथे आलो. चिमी डोक्याच्या वर, पदर दातांत, पाय भाजतोय, डोळे मिटलेले. एक धक्का बसला की मी गेले, आणि माझ्याबरोबर ती. मग वाटलं, मरायचं तर डोळे मिटून कशाला? म्हणून उघडले. समोर मडम. फळीवर बसलेली, एका हाताने दोर धरलेला, दुसऱ्या हाताने नारळ. ती माझ्याकडे बघत होती. आधी चिमीकडे, मग भट्टीकडे, मग माझ्या मागच्या गर्दीकडे. डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ. मग तिने बगलेच्या छत्रीकडे एकदा मान वळवून बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. आणि कोळ्यांकडे हात करून खणखणीत ओरडली, "सोडा!"

कोळ्यांनी सोडलं.

फुगा सुटला तो आवाज मी कसा सांगू? शेकडो चादरी एकदम झटकल्यासारखा. ती माझ्या डोक्यावरून गेली, तिच्या झोळीतले तांदूळ माझ्या आणि चिमीच्या अंगावर सांडले. आणि माझ्या पाठीवरचा भार गेला. सगळा. फुगा खाडीकडे निघाला आणि सगळी माणसं फुग्यामागे खाडीकडे धावत सुटली, मोकळं पाणी वाट मिळाल्यावर धावतं तशी. मी पत्र्यावरून उतरले, चार पावलं गेले आणि मातीत बसले. भोवताली कोणी नाही. वहाणा पडलेल्या, एक फुटकी पिपाणी, आणि भट्टी आपली जळतेय.

जिजी धावत आल्या. डोक्यावरचा पदर पडलेला, कधी बघितलं नव्हतं मी त्यांना तसं. चिमीला चाचपून बघितलं, मला बघितलं, माझा तळवा हातात घेतला. मग दोघी वर बघायला लागलो.

बघितलेलं सगळं मी जिजींना सांगितलं; छत्री बांधलेली नाही हे आता आम्हा दोघींना माहीत होतं. बाकी मैदानाला माहीत नव्हतं. फुगा लिंबाएवढा झाला, आणि सगळी माणसं खाडीच्या काठावर उभी राहून ओरडायला लागली, "मार उडी! मार उडी!" मी तोंडात पदर कोंबून म्हणत होते, नको गं बाई, नको. जिजी डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. उडी मारली नाही तिने. कशी मारणार? धूर गार होत गेला, फुगा एका अंगाने सुकला, आणि मग भराभर खाली यायला लागला, खाडीपलीकडे कळव्याच्या अंगाला, जिकडे मिठागरं. एका क्षणी तो झाडांमागे गेला आणि दिसेनासा झाला.

लोकांनी काय केलं? हुर्यो केली. "फसवलं! फसवलं! उडी कुठेय?" ज्यांनी मला आगीत लोटलं असतं तेच आता तिला लबाड म्हणत होते. साहेब तेवढ्यात आला, हार त्याच्या गळ्यात पडला, आणि वकील त्याला इंग्रजीतून समजावत होते की मडम ऐन वेळी घाबरली.

कोळ्यांनी होडी काढली. सूर्य टेकायला आला तेव्हा ती परत आली. टोपीवाला कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा होता. होडी काठाला लागली तेव्हा मडम उभी राहिली, चिखलाने माखलेली, एक हात गळ्यात बांधलेला, कपाळावर कुंकवाचा ओघळ. आणि कमरेला जिजींचा खण, त्यात नारळ. तसाच. काठावरची हुर्यो पुन्हा सुरू झाली. होडीतून कान्हा तांडेल उतरला, कोळ्यांचा म्होरक्या, आणि भाऊजींच्या तोंडावर म्हणाला, "मास्तर, तिची सतरी बांधली नव्हती. आमी बगत व्हतो. तरी तीच बोलली सोरा, मंग आमी सोरला. कोन बोलतं घाबरली?"

भाऊजींचं तोंड उतरलं. ते काही बोलायच्या आत जिजींनी चिमीला माझ्या हातातून घेतलं. सगळ्या पुरुषांतून, साहेबासमोरून, डोक्यावरचा पदर न सावरता त्या सरळ पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. मडम नुकती होडीतून उतरून काठावर बसली होती. जिजींनी तिच्या झोळीतला नारळ बाजूला केला आणि तिथे, तिच्या मांडीवर, माझी पोर ठेवली. मागे वळून काठावरच्या माणसांना म्हणाल्या, "ही बघा उडी. ही बघायला आला होतात ना? मग बघा."

सगळे गप्प झाले असं मी सांगणार नाही. लांबची होतीच ओरडत, त्यांना काय ऐकू जाणार? पण जवळची गप्प झाली. चिमीने पुन्हा ती निळी बाही तोंडात घातली, चिखलासकट. आणि मडम, जी आभाळात रडली नसेल, ती तिथे रडली. मग हसली. मग पुन्हा रडली.

घरी आल्यावर ह्यांनी मला विचारलं, "तू पुढे गेलीसच कशाला?" मी काही बोलायच्या आत जिजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी नेली. पुन्हा मडम आली तर पुन्हा नेईन. पण तेव्हा कनात मी बांधीन." ह्यांनी पान पुढे ओढलं. वालाचं बिरडं गार झालं होतं. भाऊजींनी कोटाची फीत काढून माझ्या भाजलेल्या तळव्यावर तेलाची पट्टी बांधायला दिली. लाल रेशीम होतं ते, चांगल्यापैकी.

ती मडम कुठे गेली, पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. तिचं नावही मला कधी नीट म्हणता आलं नाही. गावात पुष्कळ वर्षं वाद चालायचा. शिकलेली माणसं म्हणायची, ती गर्दीला भिऊन निसटली, तुम्ही बायका उगाच तिला देवी करता. पण मी तिची मान वळलेली बघितलीय, छत्रीकडे. माझी चिमी आता आजी झालीय, शेजारच्या खोलीत नातवावर ओरडतेय, आत्तासुद्धा ऐकू येतंय मला.

म्हणून वाद घालणाऱ्यांना मी एवढंच विचारते, आणि तुम्हालाही. तुम्ही त्या फळीवर बसलाय. छत्रीचे दोर मोकळे आहेत, नवरा "थांब" म्हणून ओरडतोय. उडी झाली नाही तर हीच सगळी माणसं तुम्हाला शिव्या घालणार, हेही तुम्हाला ठाऊक आहे. आणि खाली, ना ओळखीची ना देखीची, एक पोरगी आपलं पोर डोक्यावर धरून आगीच्या तोंडाशी उभी आहे. तोंडात तुमच्या दोनच शब्द आहेत, तेही परक्या भाषेतले. सांगा, तुम्ही काय केलं असतं?